थोरलीचे सांधे

माझ्या आतेसासूबाईंनी आयुष्यात माणूस आणि मोटार यांच्यात कधी भेदभाव केला नाही, आणि झालाच असेल तर तो मोटारीच्या बाजूनं झाला आहे. माणूस काम टाळायला कंबर धरून बसतो, दुखत नसताना कण्हतो. मोटार असलं काही करत नाही, एवढं साधं त्यांचं कारण. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांच्या पाया पडलो, तेव्हा आशीर्वाद देण्याऐवजी त्यांनी माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले, खाली दाबलं आणि एकदम सोडून दिलं. मी थोडा वर आलो आणि गप्प उभा राहिलो. "बरा हाय गं जावई," त्या माझ्या बायकोला म्हणाल्या, "एकदाच हालला." हे कौतुक आहे हे मला जेवणानंतर कळलं, कारण तेव्हा त्यांनी अंगणातल्या मोटारीचे चारही कोपरे तसेच दाबून सोडले. कोपरा दाबून सोडला की गाडीनं एकदा वर येऊन थांबायचं. ती पुन्हापुन्हा डोलायला लागली की त्या कोपऱ्यातला धक्के जिरवणारा शॉकअप संपला. त्या दिवशी मागचा उजवा कोपरा बराच वेळ डोलत राहिला. आतेसासूबाई त्याच्याकडे ज्या काळजीनं बघत होत्या, तशा काळजीनं माझ्याकडे आजवर कुणी बघितलेलं नाही.

आतेसासूबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची मोठी बहीण. वेल्ह्याच्या पलीकडे, डांबरी रस्ता दमून जिथं मातीचा होतो, तिथं त्यांची वाडी आहे. भाताची खाचरं, दोन म्हशी, आणि अंगणात, एके काळी पांढरी असलेली ती मोटार. वयानं त्या सत्तरी ओलांडून गेल्या आहेत, पण नऊवारीचा काष्टा मारून गाडीखाली अशा सरकतात की आपण आपल्या वयाची लाज वाटून दुसरीकडे बघावं. त्यांचं माहेर आंबवड्याकडचं. वडील हाडवैद्य. निखळलेला खांदा, मुरगळलेला घोटा, म्हशीचा सरकलेला खुबा, सगळं त्यांच्या ओसरीवर बसवून मिळायचं. बापाचा हात लेकीकडे आला, पण लेक नांदायला आली ती धडधाकट माणसांच्या घरात. सासरी कुणाचं हाड म्हणून मोडेना. मग यजमानांनी पुण्यातून ही मोटार आणली, आणलेल्या दिवसापासून तिचे सगळे सांधे कुरकुरत होते, आणि आतेसासूबाईंचा संसार खऱ्या अर्थानं सुरू झाला. यजमान गेल्यावर गाडी त्याच चालवू लागल्या. घरात सून यायच्या आधी ही आली, म्हणून हिचं नाव थोरली. सून आपोआप धाकटी झाली आणि तिनं बिचारीनं ते मान्यही केलं आहे.

थोरलीचं दुखणं ओळखायची त्यांची रीत बापाकडून आलेली आहे. हाडवैद्य कधी थेट दुखऱ्या जागी हात घालत नाही. आधी बैलांचा बाजार, मग पाऊसपाणी, मग मुलीचं लग्न. बोलता बोलता माणूस अंग सैल सोडतो आणि तेवढ्यात काम होऊन जातं. आतेसासूबाई थोरलीशी तसंच बोलतात. गाडी सपाटीला उभी करतात, इंजिन गार होऊ देतात, बोनेटवर हात ठेवून वेल्ह्याच्या बाजारात वांगी काय भावानं होती ते सांगतात. मग एकदम खाली वाकून चाक दोन्ही हातांनी धरतात आणि हिसडा देतात. "अंग सोडल्याबिगर सांदा खरं बोलत न्हाई," हा त्यांचा सिद्धांत. मी एकदा हसलो. त्यांनी माझं मनगट धरून, माझ्या ऑफिसची चौकशी करता करता, माझा अंगठा असा काही ओढला की सहा महिने जडावलेला तो अंगठा मोकळा झाला आणि हसण्याची हौस फिटली.

टायरवरून त्या तळवा फिरवतात, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. "टायर म्हंजी पायतान," त्या सांगतात. "मानूस कसा चालतो त्ये त्याला इचारू नगा, त्याच्या पायतानाला इचारा." आणि खरोखरच, एका कडेला जास्त झिजलेला, मध्येच उंचसखल झालेला टायर हाताला लागला की त्या सांगतात, कुठला सांधा ढिला आहे आणि कुठला शॉकअप नुसता शोभेला आहे. आवाज शोधायचा तर त्या डिकीत माणूस बसवतात. कुठलाही माणूस चालतो. एकदा तलाठी भाऊसाहेब पीकपाहणीला आले होते. त्यांना चहा दिला, पोहे दिले आणि डिकीत बसवून ओढ्यापर्यंत फिरवून आणलं. परत आल्यावर आतेसासूबाईंनी विचारलं, "डावीकडनं का उजवीकडनं?" भाऊसाहेबांना तोवर डावं-उजवं कळायचं बंद झालं होतं. तेव्हापासून पीकपाहणी ते वरच्या आळीतूनच करतात म्हणे.

किकवीला हायवेच्या कडेला गॅरेज असलेला एक मेस्त्री आहे. त्याचं आणि आतेसासूबाईंचं नातं म्हणजे दोन पैलवानांचं. एकमेकांशिवाय चैन नाही आणि समोर आले की शड्डू. चाकाला गाडीशी धरून ठेवणारा जो लोखंडी आर्म असतो, त्याच्या टोकाला रबरी बुश असतं. मेस्त्रीनं एकदा ते नवं बसवलं आणि गाडी जॅकवर टांगलेली असतानाच नट आवळून टाकला. थोडक्या दिवसांत रबर फाटलं. आतेसासूबाईंनी किकवीला जाऊन सगळ्या गॅरेजसमोर त्याची शाळा घेतली. "लोंबत्या पायाला कुनी पट्टी बांधतं व्हय रं? मानसाला आधी हुबं करायचं, अंगाचं वजन पायावर येऊ द्यायचं, मग पट्टी आवळायची!" आणि हे अगदी बरोबर आहे, लटकत्या चाकाला आवळलेलं रबर गाडी खाली आल्यावर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर मरतं. मेस्त्री म्हणाला, "आक्का, घाईत राहिलं." त्या म्हणाल्या, "घाईत रातंय त्येच फाटतंय." त्या दिवसापासून शेवटचा नट वाडीतच, त्यांच्या समोर आवळायचा, असा कायदा झाला. अंगणात जुन्या गोठ्याचे दोन चौकोनी दगड आहेत, त्यांवर पुढची चाकं चढतात, गाडीत रोजच्याइतकं वजन भरलं जातं आणि आतेसासूबाई गोणपाट अंथरून पाना घेऊन खाली जातात.

वजन म्हणजे कोण, हे चाणाक्ष वाचकांनी ओळखलं असेल. अधिक महिन्यात जावयाला धोंड्याचं जेवण असतं. मला त्यांनी आग्रहानं बोलावलं, पुरणाचे धोंडे वाढले, वर तुपाची धार धरली, नको नको म्हणताना आणखी वाढले. मी भारावून गेलो. पान उचललं जाताच त्या म्हणाल्या, "जावईबापू, आता जरा म्होरल्या शीटवर बसा." मांडीवर इंद्रायणी तांदळाचं पोतं दिलं, मागं शेजारच्या दोन बायका बसवल्या, आणि आम्ही सगळे दुपारभर हलायचं नाही या अटीवर बसून राहिलो. खालून अधूनमधून "श्वास हळू घ्या" अशी सूचना यायची. जावयाला अधिक महिन्यात मान असतो म्हणतात. इतका उपयोग क्वचितच कुणाचा झाला असेल. पण सांगतो, त्यानंतर आम्ही थोरलीतून खाली नसरापूरपर्यंत आलो, तो एरवी पोटातलं पाणी हलवणारा रस्ता मला लागलाच नाही. मी डुलकी काढली. जेवणाचा दोष म्हणा, पण मला तेव्हा मनापासून वाटलं की या बाईच्या हातात काहीतरी आहे.

त्या चुकत नाहीत असं नाही. एकदा प्रत्येक वळणावर मागून गडगड ऐकू येऊ लागली. आतेसासूबाईंनी निदान केलं, मेस्त्रीला बोलावलं, मागची दोन्ही चाकं उतरवली, स्प्रिंगा काढून अंगणात मांडल्या. सगळं निर्दोष. संध्याकाळी डिकीच्या गालिच्याखालून एक नारळ निघाला, कधीतरी देवळातून आणलेला. दुसरं कुणी असतं तर ओशाळलं असतं. आतेसासूबाईंनी नारळ फोडला, खोबरं सगळ्यांना वाटलं आणि म्हणाल्या, "पर सांदं साफ झालं का न्हाई?" मेस्त्रीनं खोबरं चावत मान हलवली. त्या बाईंपुढं मान आडवी हलत नाही.

आता त्या गोष्टीकडे येतो जिच्यामुळे हे सगळं लिहायला बसलो. गेल्या दोनेक वर्षांत आतेसासूबाईंना ऐकू कमी यायला लागलं. आम्हा सगळ्यांना ते ठाऊक होतं आणि कुणाचीही बोलायची छाती नव्हती. त्यांच्या मते लोकच हल्ली पुटपुटतात. त्यातच एका दुपारी त्या गाडी घेऊन येत असताना मार्गासनीजवळ थोरलीचं पुढचं डावं चाक वाकडं झालं; बॉलजॉइंट, म्हणजे चाकाचा खुबाच, सुटला होता. गाडी हळू होती, कुणाला ओरखडाही आला नाही. पण तो सांधा निखळायच्या आधी नक्कीच कितीतरी दिवस कुरकुरला असणार आणि तो त्यांना ऐकू गेला नव्हता. पुण्यात त्यांचा मुलगा असतो, आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. चांगली नोकरी, लिफ्टचा फ्लॅट. गावी दिवाळीला आणि जत्रेला. तो दुसऱ्याच दिवशी आला आणि अंगणात उभ्या उभ्या म्हणाला, "आई, आता बास. गाडी भंगारात आणि तू पुण्यात." आतेसासूबाई म्हणाल्या की गाडी त्या पुन्हा ठणठणीत करतील. दादा चिडला. "ठीक आहे. तू कर. मग मी स्वतः इथून आंबवड्यापर्यंत चालवीन. पुढून एक आवाज आला, एकच, तरी गाडी विकायची आणि सामान बांधायचं." त्या क्षणभरही थांबल्या नाहीत. "बांदीन," म्हणाल्या. मग माझ्याकडे बोट केलं. "पंच ह्ये."

मला खरोखर भीती वाटली. थोरली गेली म्हणजे काय जाणार होतं ते मला दिसत होतं. बाजार जाणार, दवाखान्याला न्यायच्या वाडीतल्या बायका जाणार, किकवीच्या मेस्त्रीशी भांडण जाणार. चौथ्या मजल्यावर त्या कशाचे कोपरे दाबणार? दादाही दुष्ट नव्हता. त्या रस्त्यानं आई एकटी येते या विचारानं त्याला झोप लागत नव्हती. म्हणजे दोघंही बरोबर, आणि मी पंच.

दुरुस्ती मी रजा काढून पाहिली. मेस्त्री किकवीहून सामान घेऊन आला. पुढचे दोन्ही शॉकअप नवे, दोन्ही आर्मची बुशं नवी, बॉलजॉइंट नवे. आतेसासूबाई या वेळी कुणालाच डिकीत बसायला सांगत नव्हत्या. जिथं पूर्वी कान लावायच्या तिथं आता तळहात ठेवायच्या; मेस्त्री गाडी पुढं-मागं घ्यायचा आणि त्या बोनेटच्या आत हात घालून डोळे मिटून उभ्या. रबरावर पाणी मारायच्या, पहारीनं आर्म उचलून बघायच्या, नाही म्हणून मान हलवायच्या आणि मेस्त्री मुकाट्यानं पुन्हा खोलायचा. एरवी तोंडाचा पट्टा चालवणारा तो माणूस त्या दिवसांत एक शब्द वावगा बोलला नाही. शेवटचा नट आवळताना पोत्यासकट मी होतोच. या खेपेला श्वास हळू घ्या म्हणून कुणाला सांगावं लागलं नाही.

ठरलेल्या दिवशी सकाळी दादा चालकाच्या जागी, मी शेजारी, आणि आतेसासूबाई माझ्या मागं, ठेवणीतलं लुगडं नेसून. निघालो. वाडीचा मातीचा उतार गेला; पुढून चकार शब्द नाही. दादानं मुद्दाम खड्डे शोधले. मार्गासनी गेलं, नसरापूर गेलं, कापूरहोळला भोरकडे वळलो. थोरली नव्या नवरीसारखी गुमान चालत होती. एका मोठ्या खड्ड्यात दादानं ती मुद्दाम घातली, ती आत गेली, बाहेर आली, एकदाच हलली आणि थांबली. दादाच्या तोंडून नकळत "वा" निघालं. मी पुण्यातल्या ओळखीच्या लोकांच्या नव्याकोऱ्या गाड्यांतून फिरलो आहे. इतकी सभ्य चाल मी पाहिली नव्हती, आणि ती एका म्हातारीनं गोणपाटावर पडून घडवली होती. भोर मागं पडलं. मला वाटलं जिंकलो.

आंबवडं जवळ आलं आणि एक बारकासा गतिरोधक आला. दादानं गाडी अगदी हळू केली. टक. स्वच्छ, कोरडा, पुढून डावीकडून. मोठमोठ्या खड्ड्यांत मुकाट राहिलेलं काहीतरी त्या क्षुल्लक उंचवट्यावर बोललं होतं. दादानं माझ्याकडे बघितलं. मी दादाकडे बघितलं. मागं आतेसासूबाई सांगत होत्या की त्या समोरच्या चिंचेखाली त्यांच्या बापानं कुठल्याशा पाटलाचा गुडघा बसवला होता. पुढं आणखी एक गतिरोधक होता. टक. आतेसासूबाई पाटलाच्या गुडघ्याचंच सांगत होत्या.

देवळापाशी गाडी थांबली. त्या उतरल्या, पदर खोचला आणि लेकासमोर उभ्या राहिल्या. "बोल. आला आवाज?"

दादा पुण्याला गेल्यापासून पुण्याचीच मराठी बोलतो. तो स्टिअरिंगकडे बघत म्हणाला, "न्हाई आई. येकबी न्हाई."

"पंच?"

"काहीच नाही," मी म्हणालो. खोटं बोलून इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं. त्यांनी आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघितलं, "मंग चला, नारळ वाढवू," म्हणाल्या आणि खाली देवळाकडे जाणाऱ्या पायऱ्या उतरू लागल्या. दादानं मात्र उतरल्यावर आधी पुढच्या डाव्या चाकाकडे वाकून बघितलं.

त्यानंतर दादा दर महिन्याला वाडीला येऊ लागला. आईला फिरवायच्या निमित्तानं थोरली बाहेर काढतो, आवाज ऐकतो, आणि त्या म्हशींकडे गेल्या की गाडीखाली सरकतो. किकवीच्या मेस्त्रीला फोन करून त्यानं विचारून घेतलं आहे: चाकाजवळची एक छोटी उभी दांडी, लिंक म्हणतात तिला, तिचा नट ढिला होतो. तो आवळून येतो. महिन्यानं येतो तेव्हा पुन्हा ढिला. मला फोन करून सांगतो, "दाजी, काय चमत्कारिक नट आहे बघा, टिकतच नाही. पण मी आहे तोवर आईला कळायला नको." तो हे इतक्या मायेनं सांगतो की मी नुसतं हो हो म्हणतो.

परवा मी एकटाच वाडीला गेलो होतो. दादा नंतर येणार होता. आतेसासूबाई थोरलीच्या पुढच्या डाव्या चाकापाशी बसल्या होत्या आणि हातात पाना होता. मला बघून त्यांनी तो लपवलाही नाही. त्या चाकामागच्या लिंकचा नट सैल करत होत्या.

"आत्या, हे काय?"

"आवळतो लई कच्चून," त्या म्हणाल्या. "सोडताना हाताला रग लागती."

 मी म्हणालो, "म्हणजे तुम्हाला त्या दिवशी ऐकू आलं होतं?"

"कुठलं? कान गेलं माझं. तुमी समदे मला भिऊन बोलत न्हाई, त्ये का मला ठावं न्हाई?" त्या हसल्या. "म्या मागं बसल्याली. त्याचा डावा कान माझ्या म्होरं. पोरगं ल्हानपनी आंबं चोरून आलं का कान लाल हुयाचा. त्या दिशी पयल्या टेकाडाला लाल झाला, दुसऱ्याला आनखी लाल. देवळाम्होरं तर इस्तूच. दुसऱ्या दिशी हात लावला, घावला नट. मेस्त्रीचा न्हाई, माझाच आवळायचा ऱ्हायला व्हता."

"मग तेव्हाच का नाही आवळलात?"

त्या उठल्या, गुडघ्यावर हात टेकून, थोड्या हळू. "शर्त म्या हरल्ये, त्ये त्याला म्हाईत. त्यानं मला सोडली, त्ये मला म्हाईत. आता दिवाळीची वाट बगावी लागत न्हाई. अर्दा फेरा सैल केला का लेक म्हयन्याला येतो." मग माझा चेहरा बघून म्हणाल्या, "भिऊ नगा. म्होरलं समदं घट हाय. ही दांडी निस्ती बोलती. चाकाला काय हुत न्हाई. जादा सैल म्या करत न्हाई."

 मला हसू आलं. खालच्या वळणावर दादाच्या मोटारसायकलचा आवाज आला, चढाला लागला, जवळ येऊ लागला. त्यांना तो कळला नव्हता. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"आला का?" त्यांनी विचारलं.

"आला," मी म्हणालो. त्यांनी पाना सीटखाली सरकवला आणि चहाचं आधण ठेवायला त्या आत गेल्या.